बारा पंचवीसचा रामजन्म

या हो मंडळी, असे पुढे या. भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीही सरकावं, सतरंजी अजून मोकळी आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुशाल खुर्ची घ्या, पण कान मात्र इकडे द्या. एरवी आपल्या कीर्तनात आधी पूर्वरंग, मग आख्यान. आज पूर्वरंगाला रजा! आज थेट आख्यान, आणि तेही एका महासंतापी माणसाचं. गोष्ट अशी सांगणार आहे की मध्येच उठलात तर घरी जाऊन हळहळाल.

मोहालीच्या एअरोसिटीत, विमान उतरताना कपाखालची बशी खणखणावी इतक्या जवळ, बागबान हाइट्स नावाची छोटी सोसायटी आहे. दोन टॉवर, एक बाग, तळमजल्यावर एक हॉल आणि दोन लिफ्ट, त्यातली एक चालू. चंदीगडची सगळी मौज, सगळा झगमगाट गाडीने अर्ध्या तासावर. लोक इथे राहायला येतात ते शांततेसाठी. आणि शांतता मिळाली की कंटाळून एकमेकांच्या घरात डोकावतात!

तर या सोसायटीत बी टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर आठल्ये राहतात. मूळचे देवरुखचे. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मोजमापाची उपकरणं केली, निवृत्त झाले, मुलगा इथेच नोकरीला लागला म्हणून इथेच रुजले. आता, उपकरणं अचूक करता करता माणसाला काय होतं? जगाचा राग येतो! दूध सहा दहाला यायचं. सहा अकराला आलं तर आठल्ये भडकत, आणि सहा नऊला आलं तर दुप्पट भडकत. "सहा दहा म्हणजे सहा दहा! लवकर येऊन काय उपकार करतोस?" विमान उशिरा उतरलं तर बाल्कनीतून वैमानिकाला झापत. एकदा कुकरने तिसरी शिट्टी ठरल्या वेळेआधी दिली, तर जेवण होईस्तोवर त्यांनी कुकरशी अबोला धरला होता. हे मला त्यांच्या पत्नीने, शशिकलाबाईंनी, स्वतः सांगितलंय.

मागच्या वर्षी रामनवमीला आमच्या मराठी मंडळींचा उत्सव चंदीगडात होता. रामजन्म दुपारी बाराचा. पण पाहुण्यांचं भाषण लांबलं, लांबलं, इतकं लांबलं की रामराया जन्माला आले बारा चाळीसला. आठल्ये गुलालाची मूठ तशीच खाली टाकून उभे राहिले.

"चाळीस मिनिटं! साक्षात प्रभू रामचंद्राला चाळीस मिनिटांचा लेटमार्क! लाज वाटत नाही?"

तेव्हा तबल्यावरून सुबोध पुराणिक गालात हसला. सुबोध म्हणजे इथल्याच नॉलेज सिटीतल्या संस्थेतला प्राध्यापक, ग्रहताऱ्यांचा अभ्यास, हात तबल्यावर गोड आणि स्वभाव फ्रिजमधल्या ताकासारखा. आठल्यांना थंड माणसाचा फार राग येतो.

"साहेब, तसा चाळीस मिनिटांचा उशीर नाही झाला," तो म्हणाला. "देशाचं घड्याळ लावलंय पार पूर्वेकडे, मिर्झापूरच्या सूर्यावर. आपण पश्चिमेला. इथे सूर्य डोक्यावर येतो बारा पंचवीसला. म्हणजे उशीर फक्त पंधरा मिनिटांचा."

"पुराणिक!" आठल्यांच्या मानेची शीर फुगली. "बारा म्हणजे बारा! मला सूर्य शिकवू नका! पुढच्या वर्षी उत्सव माझ्याकडे. रामजन्म बारा वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंदांनी होईल. एक सेकंद, एक सेकंद जरी इकडचा तिकडे झाला, तर उत्सव कायमचा तुमच्या हवाली आणि माझं तोंड जन्मभर बंद!"

शंभर माणसांसमोर बोलले. शंभर माणसांनी ऐकलं. सुबोधने तबल्यावर हलकेच एक थाप मारली, झालं.

मग वर्षभर काय तयारी! वाईच्या कीर्तनकार विश्रामबुवांना निमंत्रण गेलं. सोसायटीचा हॉल महिनाआधी राखून ठेवला. आणि आठल्यांनी स्वतःच्या हाताने एक यंत्र केलं. हॉलच्या छताला प्लायवूडचा ट्रे, ट्रेमध्ये चार किलो झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या, ट्रेला खटका, खटक्याला वायर आणि वायर घड्याळाला. बाराच्या ठोक्याला ट्रे उघडणार, पाळण्यावर पुष्पवृष्टी होणार आणि स्पीकरमधून शंख वाजणार. अकरा वेळा चाचणी घेतली. अकरा वेळा शशिकलाबाईंनी पाकळ्या झाडल्या.

"अहो, आणि देवाला यायला जरा उशीर झाला तर?"

"देवाला होत नाही, शशी. माणसांना होतो. म्हणून तर यंत्र केलं!"

पाळणा म्हणायला तीन मुली निवडल्या. आठल्यांची सात वर्षांची नात जाई, आणि हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या दोन लेकी, चिन्मयी आणि स्वराली. या मुलांना घरचं मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी पडतं. शशिकलाबाईंनी महिनाभर बसून एकेक ओळ घोटून घेतली. तिघींना नऊवारी, नथ, गजरे. पाळणा त्यांच्याशिवाय हलणार नव्हता, कारण दुसऱ्या कुणाला तो येतच नव्हता.

रामनवमी रविवारी आली. साडेदहाला, म्हणजे साडेदहालाच, बुवा उभे राहिले. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. हॉल भरलेला. मराठी मंडळी होतीच, शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी गर्गसाहेब पहिल्या रांगेत. आठल्यांनी दारात टोपली ठेवली होती. "मोबाइल टोपलीत! मध्ये एकही वाजता कामा नये!" सगळ्यांनी टाकले. आठल्यांनी स्वतःचा सर्वात आधी टाकला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बुवांचा आवाज काय सांगू! पहिल्या नमनालाच अंगावर काटा आला. एरवी घड्याळाकडे बघणारे आठल्येही डोळे मिटून डुलत होते. साडेअकराला मध्यंतर झालं. आठल्ये बुवांना हार घालायला पुढे गेले, बुवांनी त्यांच्या कपाळी बुक्का लावला, आणि आठल्ये समाधानाने मागे वळले.

मुलींची सतरंजी रिकामी! एक गजरा तेवढा पडलेला.

"शशी. मुली कुठायत?"

शशिकलाबाईंनी पदर सावरला. तो त्या सावरतात तेव्हा समजावं की काहीतरी घडलंय.

"अहो, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस गर्ग आल्या होत्या. दोन मिनिटांसाठी नेते म्हणाल्या. कंजक आहे ना आज!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आपली रामनवमी तीच इथली नवरात्राची नवमी. या दिवशी सकाळी पंजाबात घरोघरी लहान मुलींना बोलावतात, देवी समजून त्यांचे पाय धुतात, आणि पुरी, काळे चणे, शिरा वाढतात. तेच कंजक. मुली हव्यात नऊ. आणि बागबान हाइट्समध्ये मुली किती? बहुतेक घरांत आजी-आजोबा दोघंच, नातवंडं परदेशात, व्हिडिओ कॉलवर! नवमीच्या सकाळी या सोसायटीत नऊ वर्षांखालच्या मुलीला जो भाव येतो, तो लग्नसराईत सोन्याला येत नाही.

"नेते म्हणाल्या आणि तू दिल्यास?"

"देवी म्हणून बोलावलं हो! नाही कसं म्हणू? नवमीच्या दिवशी?"

"शशी!" आठल्ये ओरडले, पण कुजबुजत. कुजबुजत ओरडणं किती अवघड असतं पाहा. चेहरा टोमॅटोसारखा झाला, आवाज मात्र डासाएवढा निघाला. "अठ्ठावीस मिनिटं उरलीत! बुवा आख्यानाला उभे राहतील! त्या राजवाड्यात पाळणा कोण म्हणणार? मी?"

आणि धोतर सावरत ते हॉलबाहेर धावले.

दारात गार्ड देवदत्त खुर्ची टाकून बसला होता.

"देवदत्त! तीन लड़कियां! साड़ीवाली! किधर गई?"

"साहब जी, वो तो पूरी बिल्डिंग में घूम रही हैं," देवदत्त आनंदाने म्हणाला. "ग्रुप में मैसेज आया है ना." आठल्यांचा मोबाइल तर टोपलीत, म्हणून त्याने आपला समोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर मिसेस गर्गनी लिहिलं होतं: "बी टॉवर में तीन कंजक रेडी हैं, साड़ी वाली, गजरे वाली!! जिसको चाहिए जल्दी करो जी!" खाली सदतीस हात जोडलेले.

"रेडी!" आठल्ये किंचाळले. "आमच्या मुली काय इडलीचं पीठ आहे?"

लिफ्टपाशी गेले. लिफ्ट वरच्या वर फिरत होती, आत कुणीतरी कुणाच्या तरी मुली पळवत होतं. आठल्ये जिन्याने निघाले. रामनवमीचा निर्जळी उपास, वय चौसष्ट, अंगात राग. रागाने माणूस दोन मजले सहज चढतो. पुढचे मात्र स्वतःच्या पायांनी चढावे लागतात.

दुसरा मजला. मिसेस गर्ग दारातच.

"अरे अंकल जी, वो तो कब की गईं! अरोड़ा जी ले गए, पांचवें पे. क्या प्यारी बच्चियां हैं! छोटी वाली ने तो चार पूरी खाई!"

"चार! उसको बारा बजे गाना है! आप पूछे बिना..."

"भाभी जी से पूछा था जी. आप भी हलवा लो ना."

"मेरा उपास है!" हे त्यांनी असं सांगितलं की जणू शिव्याच दिल्या.

पाचवा मजला. अरोडासाहेब बनियनवर, हातात पाण्याचा लोटा.

"ओ जी आप लेट हो गए. हमारे यहां से शर्मा जी के यहां, वहां से सातवें वाली बीजी ले गई."

"कोई ऐसे कैसे ले जाता है? आपने लड़कियों को पूछा क्यों नहीं, किधर जाना है?"

अरोडासाहेबांनी डोळे मोठे केले. "किससे पूछना जी? देवी से?"

आठल्ये पाय आपटत तडक जिन्याकडे वळले. सहाव्या मजल्याच्या पायऱ्यांवर त्यांनी एकेकाचा उद्धार केला. मिसेस गर्गचा, ग्रुप काढणाऱ्याचा, त्या सदतीस जोडलेल्या हातांचा, लिफ्टचा. शेवटी पुराणिकाचाही केला, त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नव्हता तरी.

सातव्या मजल्यावर एकच दार सताड उघडं होतं. पाटीवर 'भल्ला'. आठल्ये आत शिरले ते तोफेच्या गोळ्यासारखे.

"ये क्या चल रहा है! बंद करो!"

"आजोबा, श्श!" जाईने तोंडावर बोट ठेवलं. "पूजा चल रही है."

जमिनीवर नऊ पाट, नऊ ताटं. तीन पाटांवर आपल्या तीन देव्या, नथा कानाकडे गेलेल्या, ओठांना तूप. सहा पाट रिकामे. आणि समोर एक म्हातारी, ऐंशीच्या पुढची, इथल्या बोलीत आजीला म्हणतात ती बीजी, गुडघ्यांवर बसून स्वरालीचा पाय परातीत घेऊन धूत होती. एक पाय धुवायचा, पदराने टिपायचा, कपाळाला लावायचा. मग श्वास घ्यायचा. मग दुसरा पाय. आठल्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा बावन्न! या वेगाने सहा पाय म्हणजे... त्यांचा हिशेब पूर्ण होण्याआधीच म्हातारीने मान वर केली आणि तिचं तोंड उजळलं.

"आ गया! लंगूर आ गया! जय माता दी, तूने भेज दिया!"

लंगूर! एकतीस वर्षं शास्त्रज्ञ! ज्यांच्या सहीशिवाय प्रयोगशाळेतला तराजू हलत नसे, त्यांना लंगूर!

"कोण... कौन लंगूर? मैं?"

"आजोबा, लंगूर मतलब हनुमान जी," चिन्मयी समजावू लागली, अगदी शशिकलाबाईंच्या सुरात. "देवी के साथ एक लड़का बिठाते हैं. उसके बिना पूजा पूरी नहीं होती. बीजी को सुबह से लड़का मिला ही नहीं."

"मी चौसष्ट वर्षांचा आहे!"

"चलेगा," जाई म्हणाली.

आठल्यांनी तोंड उघडलं. आता ते असं काही बोलणार होते की भिंतीचा रंग उडाला असता. पण तेवढ्यात बीजी गुडघ्यांवरच सरकत आली आणि तिने त्यांच्या पायाला हात घातला. आता ऐंशी वर्षांची बाई आपला पाय धुवायला बसली, तर कुठला मराठी माणूस उभा राहील? "अहो, अहो, नको, आप बडी है, पाप लगेगा!" करत आठल्ये मागे सरकले, आणि सरकता सरकता चौथ्या पाटावर बसले. झालं! बसलेल्या लंगुराला कोण सोडतो? डोक्यावर लाल चुनरी आली, मनगटाला लाल-पिवळा दोरा आला, बुक्क्याच्या वर कुंकवाचा टिळा आला.

"बीजी, मेरे को जाना है. नीचे भगवान का जनम है. बारा बजे."

"हां पुत्तर, दो मिनट." बीजी त्यांच्या अंगठ्यावर पाणी सोडत म्हणाली. "सुबह आठ बजे से दरवाजा खोल के बैठी हूं. सब की घंटी बजी. मेरी नहीं बजी. मुझे वो ग्रुप चलाना नहीं आता. बेटे कनाडा में हैं, फोन पे बोले, इस साल रहने दो बीजी. कैसे रहने दूं? नौ दिन माता बैठी है घर में, भूखी भेज दूं?"

बोलताना ती रडत वगैरे नव्हती. ती शिरा वाढत होती.

"कंजकां तो तीन मिल गईं. लंगूर खाएगा तो मेरा नवरात्र पूरा होगा."

शिऱ्याची मूद ताटात पडली. तूप सुटलेला, वेलचीचा, सकाळपासून झाकून ठेवलेला. आणि आठल्यांचा निर्जळी उपास! रामजन्म होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही, हे व्रत ते वयाच्या नवव्या वर्षापासून करत होते.

त्यांना राग आला. प्रचंड आला. पण कुणावर, हेच कळेना. मिसेस गर्गवर काढावा तर ती इथे नव्हती. त्या ग्रुपवर काढावा, तर सदतीस जणांत या बाईचं दार कुणालाच आठवू नये? कॅनडातल्या मुलांवर काढावा, तर ती फार लांब. आणि चार वर्षं आपणही याच टॉवरमध्ये राहतो, सातव्या मजल्यावर कोण राहतं हे आपल्याला तरी कुठे माहीत होतं? तिथे आल्यावर राग अडकला. पुढे जाईना, मागे येईना.

मनगटावरचं घड्याळ वाजलं. टीं टीं. बारा!

आणि खालून, सात मजले चढून, लिफ्टच्या पोकळीतून शंखाचा आवाज आला. आठल्यांचं यंत्र. बारा वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंद. आयुष्यात पहिल्यांदाच ते ठरल्या वेळी चुकीच्या मजल्यावर होते, डोक्यावर चुनरी घेऊन!

त्यांनी शिऱ्याचा घास उचलला आणि तोंडात घातला.

"अच्छा है?" बीजीने विचारलं.

"बहोत अच्छा है," आठल्ये दात-ओठ खात म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

आता खाली काय झालं ते ऐका. बुवा आख्यानात रंगले होते. अकरा अठ्ठावन्नला त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मुली नाहीत. दाराकडे पाहिलं, यजमान नाहीत. शशिकलाबाईंकडे पाहिलं, त्यांनी पदर सावरला. बुवा जुने, मुरलेले. त्यांनी जन्माची कथा तिथल्या तिथे मागे फिरवली आणि पुन्हा दशरथाच्या दुःखावर आणली. "पदरी मूल नाही हो, या एवढ्या राज्यात पाळणा नाही!" असं म्हणून बुवांनी डोळ्यांना उपरणं लावलं, आणि नेमक्या त्याच क्षणी खटका उडाला. धाड! चार किलो पाकळ्या पाळण्याशेजारी उभ्या बुवांच्या पगडीवर! शंख भोंऽऽ! दशरथाच्या घरी मूल नाही, त्या दुःखावर पुष्पवृष्टी!

यंत्र एका सेकंदानेही चुकलं नाही. तोच तर घोटाळा झाला.

गर्गसाहेबांना वाटलं, संपलं. ते उठले, टाळ्या वाजवल्या, "वाह जी वाह, बधाई हो!" म्हणाले आणि प्रसादाच्या टेबलाकडे निघाले. त्यांच्यामागे निम्मा हॉल. बुवा तोंडातली झेंडूची पाकळी काढत म्हणाले, "बसा हो बसा! ही तर आगाऊ पोच आहे! देवांना धीर धरवला नाही, फुलं आधीच पाठवली!" आणि सुबोधने तबला असा काही वाजवला की माणसं जागच्या जागी बसली. मग बुवांनी यज्ञ केला. मग पायस आणलं. ते तिन्ही राण्यांना वाटलं. वाटलेलं पुन्हा मोजलं. मग कैकेयीच्या हातातलं पायस घारीने पळवलं, ती घार अंजनीपर्यंत नेली, आणि हनुमानजन्माची गोष्ट काढली. तबल्यावर सुबोधची बोटं, पेटीवाल्याचा भाता, कौसल्येच्या कळा, सगळं वीस मिनिटं ताणलं!

इकडे आठल्ये मुलींना घेऊन लिफ्टमध्ये शिरत होते, तर बीजीने मातीचं एक छोटं भांडं उचललं. नवरात्राच्या पहिल्या दिवशी पेरलेले जव, बोटभर हिरवेगार वाढलेले. "भगवान का जनम है बोला ना? मैं भी चलूंगी."

लिफ्ट सहाव्यावर थांबली. दार उघडलं, एक बाई आत पाहून किंचाळली. "कंजकां! तीन!" लिफ्ट चौथ्यावर थांबली. "अंकल जी, बस एक पूरी..."

"खबरदार!" आठल्ये चुनरीसकट गरजले. "ये देवी बुक्ड है!"

हॉलचं दार ढकललं तेव्हा बारा वीस झाले होते. बुवा सांगत होते, "...आणि त्या पायसाच्या प्रसादाने अंजनीच्या पोटी कोण आला?" आणि त्यांची नजर दारात पडली. लाल चुनरी, लाल टिळा, मिशीला शिरा, श्वास फुललेला.

बुवांनी चिपळ्या उंचावल्या. "तो पाहा आला!"

हॉल हसण्याने असा फुटला की विमानाचा आवाज ऐकू आला नाही! शशिकलाबाईंनी तोंडावर पदर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. आठल्ये तिथेच उभे राहिले. शंभर माणसं, भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ, बारा वीस, एकवीस. वर्षापूर्वीचा शब्द. आता पुराणिक बोलणार.

सुबोधने तबल्यावरचा हात उचलला.

"साहेब," तो नेहमीच्याच थंड आवाजात म्हणाला, "घाई नको. अजून चार मिनिटं आहेत."

आठल्यांनी डोक्यावरची चुनरी सावरली. मग बुवांकडे गेले, माइक हातात घेतला, आणि म्हणाले, "मंडळी, सूर्य... सूर्य इथे बारा पंचवीसला डोक्यावर येतो. प्राध्यापक पुराणिक यांनी... मागेच सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं."

बारा पंचवीस. बुवांनी जयजयकार केला. गुलाल उडाला. मुलींनी पाळण्याची दोरी धरली आणि गायला तोंड उघडलं, तर जाईला उचकी! चार घरच्या पुऱ्या हो, बोलणारच! स्वरालीला ढेकर, चिन्मयीला पुढची ओळ आठवेना. पण सुबोधने उचकीवर सम धरली, आणि उचकीसकट पाळणा ठेक्यात गेला. फुलं आता एकही उरली नव्हती. तेव्हा बीजी हळूहळू पुढे आली, भांड्यातले हिरवे जव खुडले आणि पाळण्यातल्या रामाच्या अंगावर ठेवले. मग दोरीला हात लावला. तिला मराठी कळत नव्हतं. पण पाळण्याला झोका कसा द्यायचा, ते काय कुणी शिकवावं लागतं?

पाळणा हलताना आठल्ये बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा रागावलेलाच होता. डोळे मात्र पुसत होते, गुलाल गेला म्हणून.

आता निकाल! पुढचे आठ दिवस मंडळात एकच वाद. घड्याळाने पाहिलं तर आठल्ये पंचवीस मिनिटांनी हरले. सूर्याने पाहिलं तर रामजन्म सेकंदावर बरोबर, पण मग पुराणिक बरोबर ठरतो. आणि पुराणिक बरोबर, तर एक सेकंदही इकडचा तिकडे झाला नाही, म्हणजे आठल्ये जिंकले! दोघंही यावर तासभर भांडले. म्हणजे आठल्ये भांडले, सुबोध हसला. शेवटी शशिकलाबाईंनी चहा ठेवता ठेवता निवाडा दिला.

"उत्सव यांच्याकडेच राहू दे, सुबोध. ते तोंड बंद करायचं काय ठरलं होतं, तेवढं मात्र मनावर घ्या!"

तोंड काही बंद झालं नाही, अर्थात. दूध सहा अकराला आलं की तिसरा मजला अजून दणाणतो. फरक एवढाच, की आता सोसायटीतली पोरं लिफ्टमध्ये त्यांना पाहिलं की "लंगूर अंकल, जय माता दी!" म्हणतात, आणि आठल्ये "मूर्खांनो!" असं ओरडून खिशातून खडीसाखर काढतात. आणि सातव्या मजल्यावरची घंटा रोज संध्याकाळी सहा दहाला वाजते. सहा नऊला नाही, सहा अकराला नाही. बीजी आधीच दार उघडून ठेवते, त्याचाही त्यांना राग येतो.

झालं माझं आख्यान. प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. आणि एवढी एक विनंती. पुढच्या नवमीला तुमच्या घरात नऊ वर्षांखालची लेक असेल, तर सातव्या मजल्यावर नऊ पाट मांडून बसलेल्या बीजीची आठवण ठेवा आणि तिला आधी तिथे पाठवा. फक्त बारा पंचवीसच्या आत परत आणा. नाहीतर आठल्ये तुमच्या दारात येतील, आणि हे सगळं तुम्हाला सांगितलं म्हणून या खेपेला माझ्याही!